तेवीस दाणे

धानाच्या रोवण्याची सुटी संपून शाळा पुन्हा भरली तो सोमवार. जबाबदार : संस्थेचे अध्यक्ष नामदेवराव, ज्यांनी बाहेरच्या ट्रस्टला शाळेच्या फाटकातून आत आणले. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी झालेली पालकसभा. जबाबदार : गावातील समस्त पालक, ज्यांनी न विचारता टाळ्या वाजवल्या. आणि धानाच्या शेतांत, बांध्यांमध्ये, लाखोडीचे कडधान्य निळ्या फुलांवर आले होते त्या दिवसांतला एक शनिवार, सकाळची शाळा. जबाबदार : शिक्षणाधिकारी कार्यालय, ज्याने त्या दिवसाची चौकशी करण्याची तसदी आजतागायत घेतली नाही.

ही यादी मी निवृत्तीनंतर किती वेळा लिहिली असेन? अर्ज, स्मरणपत्रे, निवेदने, माहिती अधिकारातील अपिले — पोचपावत्यांनी माझी एक पत्र्याची पेटी भरली आहे. त्या कागदांत या दिवसांना रीतसर तारखा आहेत, परिशिष्टे आहेत, नियमांची कलमे आहेत. इथे मी दिवस गावाच्या ओळखीनेच लिहितो आहे. कारण हा कागद कोणत्याही टपालात आवक म्हणून नोंदवला जाणार नाही. हा तुमच्यासाठी आहे. तुम्ही कोण, हे मला ठाऊक नाही — बरेच आहे ते.

त्या यादीत एक नाव नाही. ते मी कोणत्याही अर्जात लिहिले नाही, घरात पत्नीसमोर उच्चारले नाही, आणि खरे सांगायचे तर स्वतःशीही ते कधी पूर्ण वाक्यात म्हटले नाही. आज लिहिणार आहे. पण थोडे फिरून यावे लागेल. सरळ तिथे जाऊन उभे राहण्याइतके धैर्य अजून गोळा व्हायचे आहे.

पवनी तालुक्यात, आसगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा आहे. पाचवी ते दहावी, कौलारू इमारत, मागे तलाव. पावसाळ्यात तलावाची पाळ भरून आली की शेवटच्या वर्गातल्या मुलांचे लक्ष फळ्यावर राहत नसे, आणि मीही त्यांना फारसे रागावत नसे. कारण माझेही राहत नसे. त्या शाळेत मी अकरा वर्षे मुख्याध्यापक होतो. धानाच्या वासाची ती शाळा — कापणीच्या दिवसांत मुलांच्या केसांत तणसाचे तुकडे असत, आणि रोवण्याच्या दिवसांत मुलींच्या पायांना चिखल वाळून चिकटलेला असे. हजेरीपटावर मी त्यांना गैरहजर लिहायचो आणि मनातल्या मनात हजर.

माझा अभिमान होता आमची बालसभा. दर शनिवारी शेवटच्या दोन तासिका. अध्यापकांनी बोलायचे नाही, मुलांनी बोलायचे. नळ दुरुस्त का होत नाही, वाचनालयाची किल्ली कोणाकडे असावी, सहलीला कुठे जायचे — सारे प्रश्न तिथे. वर्षाच्या सुरुवातीला सभापती निवडला जाई, गुप्त मतदानाने. त्या मतदानाची रीत मी स्वतः बसवली होती. दोन मडकी. प्रत्येक मुलाच्या तळहातावर मी लाखोडीचा एक दाणा ठेवत असे. मूल खोलीत एकटे जाई, मूठ दोन्ही मडक्यांत घाली, दाणा एकातच सोडी. बाहेरून आवाजही कळत नसे.

लाखोडीच का? मी पालकांना फार ऐटीत सांगत असे. धान निघायच्या आधी त्याच बांधीत छिडकलेली, तिला कोणी वेगळी मशागत करत नाही, कोणाच्याही शेतात ती उगवते. सातबारा असलेल्याच्या घरचा दाणा आणि मजुरी करणाऱ्याच्या घरचा दाणा शेजारी ठेवला तर कोणता कोणाचा हे साक्षात न्यायाधीशालाही सांगता येणार नाही. मी म्हणत असे, संविधानातली समानता आमच्या शाळेत मुलाच्या मुठीत मावते. — काय वाक्य होते! टाळ्या पडत. त्या वाक्याचे पुढे मी काय केले, ते येतेच आहे.

त्या वर्षीची सभापती होती करुणा. नववीत होती. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली, आई-वडील दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणी-कापणी करणारे. तोपर्यंत सभापतिपद तिच्या वस्तीकडे कधी गेले नव्हते. लाखोडीच्या दाण्याने ते गेले. निकाल लागला त्या दिवशी तिची आई शाळेच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली, आत आली नाही. मी बोलावले तर म्हणाली, "नाही जी गुरुजी, चिखलाचे पाय आहेत. मी इथूनच पायते." करुणा गणितात पक्की होती. बेरीज करताना तिचे ओठ हलत नसत, फक्त अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असे. तो अंगठा मला अजून दिसतो.

आणि त्याच वर्षी ट्रस्ट आली. शहरातल्या एका कारखानदाराची. तिचे म्हणणे असे : शाळेत कौशल्य कक्ष बांधू, शिलाईची आणि पॅकिंगची यंत्रे देऊ, दहावीनंतर मुलांना थेट कामावर घेऊ. बदल्यात रोज शेवटच्या दोन तासिका आमच्या. म्हणजे वाचनालय गेले, खेळ गेला, आणि शनिवारची सभा गेली.

तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? मीही तेच म्हणत होतो. खोटे कशाला सांगू? दहावी होऊन पुन्हा बांधीतच वाकलेली मुले मी पाहिली होती. पालकसभेत एका बापाने उठून विचारले होते, "सर, सभा भरवून भरवून पोट्ट्यायचं पोट भरते का?" परिपत्रके तर त्या काळात शाळेला कारखान्याचे फाटकच समजून लिहिली जात होती. प्रत्येक कागदात 'रोजगारक्षम' हा शब्द, आणि 'नागरिक' हा शब्द कुठेच नाही. माझा संताप होत असे. आजही होतो. पण संताप हा पुरावा नव्हे, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही.

मी एक मार्ग काढला, आणि तो मला फार सुंदर वाटला. मी जाहीर केले की निर्णय मुले घेतील. 'होय' आणि 'नाही' अशी दोन मडकी. सारी शाळा मत देईल, आणि जे होईल ते मी संस्थेला लेखी कळवीन.

आता ऐका. माझ्या प्रत्येक अर्जात एक वाक्य आहे : 'अध्यक्ष महोदयांनी माझ्यावर असह्य दबाव आणला.' हे वाक्य खोटे आहे. नामदेवराव शेती आणि राजकारण करणारे गृहस्थ. त्यांच्याशी माझे कधीच जमले नाही. पण त्या मतदानाच्या दोन दिवस आधी ते शाळेत आले, व्हरांड्यातल्या बाकावर बसले, पान लावले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचे पोट्टे नाही म्हणतीन तं नाही. मी ट्रस्टवाल्यायले तसंच सांगून देतो. काहून टेन्शन घेऊन राहिले?" हे त्यांचे शब्द. मग हसून म्हणाले, "मले निवडणूक हरायची सवय आहे. तुमाले नाही."

नामदेवराव आता हयात नाहीत. ते हयात असतानाही मी ते वाक्य लिहीत होतो. त्यांनी एकाही पत्राला उत्तर दिले नाही — आणि त्यांच्या मौनाला मी कबुली समजून पुढच्या पत्रात तसे नमूद केले.

मग दबाव कोणाचा होता? माझ्या स्वतःच्या एका बढाईचा. ट्रस्टचे दोन अधिकारी पाहणीला आले होते. कार्यालयात चहा झाला. त्यांपैकी एकाने सहज विचारले, मुलांनी नकार दिला तर? आणि मी — लोकशाहीवर तालुकाभर भाषणे देणारा मी — खुर्चीत मागे रेलून म्हणालो, "माझी मुले माझ्या शब्दाबाहेर नाहीत." ते हसले. मीही हसलो. त्या हसण्यात माझी अकरा वर्षे संपली होती, हे मला तेव्हा कळले नाही.

शनिवार उजाडला. थंडी होती. बाहेर बांध्या निळ्या झाल्या होत्या. मुले रांगेत, प्रत्येकाच्या तळहातावर दाणा ठेवताना मी प्रत्येकाला नावाने हाक मारली. गार हात, उबदार हात, खरजेचे हात, मेंदीचे हात. इतके सुंदर काम मी आयुष्यात दुसरे केले नाही. करुणाने सर्वांत शेवटी मत दिले.

नियम असा होता — आणि तो मीच लिहिला होता — की मोजणी सभापती आणि मुख्याध्यापक यांनी कार्यालयात, दार उघडे ठेवून करावी. मग मडकी पटांगणात नेऊन दाणे सर्वांसमोर पुन्हा मोजावेत. करुणाने सतरंजीवर दाणे ओतले. तिने तीनदा मोजले. 'नाही' सदतीसने पुढे होते. तिने दोन्ही आकडे पेनाने आपल्या डाव्या तळहातावर लिहिले, दाणे पुन्हा आपापल्या मडक्यांत भरले आणि माझ्याकडे पाहिले. ती हसत नव्हती. फक्त खूश होती. तिने स्वतः कोणते मत दिले होते, मला माहीत नाही. मी कधी विचारले नाही.

मी म्हणालो, "जा, घंटा दे."

ती गेली. घंटेचा खांब आवारात होता. जाऊन येण्यास फार तर दोन मिनिटे. दार उघडेच होते. मी पाचही बोटे 'नाही'च्या मडक्यात घातली, एक चिमूट उचलली आणि 'होय'च्या मडक्यात सोडली.

एक चिमूट. बस्स.

पटांगणात पुन्हा मोजणी झाली तेव्हा 'होय' नऊने पुढे निघाले. हिशेब सोपा आहे, तुम्हीही करू शकाल : सदतीस आणि नऊ, शेचाळीस, त्याचे अर्धे, तेवीस. माझ्या बोटांत तेवीस मुले होती. मी त्यांची नावे थोड्याच वेळापूर्वी एकेक करून उच्चारली होती. आणि ज्या गुणासाठी मी तो दाणा निवडला होता — की कोणता कोणाचा हे कोणालाच ओळखता येऊ नये — त्याच गुणाने मला झाकले. समानतेच्या आड लपून मी चोरी केली.

इथे थांबता आले असते. इतकेच असते तर कदाचित मी हे आधीच कधीतरी लिहिलेही असते. पण तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि खरा गुन्हा तीच आहे.

करुणा उठून उभी राहिली. सारी शाळा बसलेली, ती एकटी उभी. म्हणाली, "सर, हे असं नव्हतं जी. मी तीनदा मोजले." आणि तिने तळहात उघडून सर्वांना दाखवला. निळ्या शाईचे दोन आकडे.

मला काय म्हणता आले असते? पुन्हा मोजू, म्हणता आले असते. माझी चूक झाली असेल, म्हणता आले असते. मी म्हणालो, "मोजताना गडबड झाली असेल तुझी. जा, तो हात धुऊन ये."

हात धुऊन ये. आमच्या गावात, त्या वस्तीतल्या मुलीला, भरसभेत. माझा हेतू शाईपुरता होता असे मी कितीतरी वर्षे स्वतःला सांगितले. पण शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच मला त्यांचा दुसरा अर्थ ऐकू आला होता. पहिल्या रांगेतली काही मोठी मुले ज्या प्रकारे हसली, त्यावरून त्यांनाही तो ऐकू आला होता हे दिसत होते. मी त्या हसण्याला आवर घातला नाही. ते मला उपयोगी पडत होते.

ती नळावर गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. परत आली तेव्हा ओला हात तिने ओढणीला पुसला नव्हता. तसाच बाजूला धरला होता. सोमवारी माझ्या टेबलावर तिचा सभापतिपदाचा राजीनामा होता, एका ओळीचा, स्वच्छ अक्षरात. मी तो 'मंजूर' लिहून सहीनिशी फाइलला लावला.

पुढे शाळेत तिचे नाव पडले मोजणीवाली. व्हरांड्यातून जाताना पोरे हात पुढे करत : "काओ मोजणीवाली, माह्या हाताले बोटं किती, सांग बरं!" मी दोनतीनदा ऐकले. मुख्याध्यापक म्हणून शिस्तीची नोटीस काढता आली असती. नोटिसा काढण्यात माझा हात कोण धरणार? ती एक मात्र मी काढली नाही.

कौशल्य कक्ष झाला. काही मुलांना कामे लागली, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे; त्यांतले दोघेतिघे अजून दिवाळीत येऊन पाया पडतात. काही वर्षांनी कारखान्याला आमच्या मुलांची गरज राहिली नाही आणि ट्रस्ट निघून गेली. यंत्रे आजही त्या खोलीत आहेत, वर गोणपाट टाकलेले. शनिवारची सभा मात्र परत आली नाही. मुलांनी मागितलीच नाही. मत देऊन काय होते, हे ती शिकली होती. माझ्याकडूनच शिकली.

आणि मी निवृत्त झालो, चष्मा पुसला, आणि बालसभेचा बळी कोणी घेतला याची चौकशी करण्यासाठी पत्रे लिहू लागलो.

आता सांगतो की आजच हे का. गेल्या ग्रामसभेला मी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, मांडीवर फाइल घेऊन बसलो होतो. तलावाच्या मासेमारीचा ठराव होता. हात वर करून मत घ्यायचे ठरले. बायकांच्या बाजूचे हात कोणी मोजावेत? करुणा आता चाळिशीच्या आसपास आहे, गावातच दिली, बचत गटात असते. शेजारची बाई तिला ढकलत म्हणाली, "तू मोज ना वं, करुणा. तुले बरं जमते."

ती हसली. म्हणाली, "मले नको सांगू बाई. माही मोजणी चुकते, शाळेपासूनच." सभा हसली. आणि मग, अगदी सहज, रागाचा लवलेशही नसताना तिने माझ्याकडे हात केला : "खोटं वाटते तं गुरुजीले विचारा. समोरच बसले आहेत."

सारे गाव माझ्याकडे वळले. दुसऱ्यांदा. तीच माणसे — तेव्हा पटांगणात बसलेली मुले, आता मिशा आलेली, लेकरे मांडीवर असलेली. कोणी अडवले नव्हते, दबाव नव्हता, ट्रस्ट नव्हती, नामदेवराव नव्हते. मी उभा राहून एक वाक्य बोलू शकलो असतो.

मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे."

आणि फाइल उघडून कागद शोधू लागलो.

तिने ते ऐकले. मान हलवली, जणू पूर्वी ऐकलेलेच उत्तर पुन्हा मिळाले. मग हात मोजायला दुसरे कोणीतरी उठले. पण मी पाहत होतो : मोजणी चालू असताना करुणाचा अंगठा डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवरून सरकत होता. ती मोजत होती. ज्याने मोजले त्याने एक आकडा सांगितला, आणि तिचा अंगठा मध्येच थांबला. तिने ओठ उघडले — आणि मिटले. तिचा आकडा वेगळा होता.

त्या ठरावाचे काय व्हायचे ते होवो. मी तिला बोलू नये हे शिकवले, आणि ते ती उत्तम शिकली आहे. माझ्या सेवाकाळातला सर्वांत पूर्णपणे पोहोचलेला पाठ तो.

मी तिची क्षमा मागणार नाही. क्षमा मागणे म्हणजे तिच्याकडे आणखी एक अर्ज करणे, आणि अर्ज मी पुष्कळ केले आहेत. तुम्हीही मला समजून घ्यावे, असे म्हणत नाही. या कागदाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर लागेल. तिच्यावर माझी सही आहे, पूर्ण नाव आहे. दुसरी प्रत नामदेवरावांच्या मुलाकडे जाईल, जेणेकरून त्याच्या वडिलांविरुद्धची माझी सारी पत्रे कोणी कधी वाचलीच तर त्यांवर हा कागद टाचलेला असावा.

सवयीप्रमाणे शेवटी मागणी लिहितो. ती कोणत्याही कार्यालयाकडे नाही.

मागणी : या शाळेच्या तत्कालीन मुख्याध्यापकाने येत्या ग्रामसभेत, बसून नव्हे तर उभे राहून, हातात कोणताही कागद न घेता, सर्व उपस्थितांसमोर आणि करुणाच्या समक्ष एकाच प्रश्नाचे जाहीर उत्तर द्यावे — त्या शनिवारी मोजणी कोणाची बरोबर होती?